बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बर्ट विल्यम्सचा विषय निघाला की लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र करतोय. दोन उत्तरांचा संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तेच परत लिहीत बसलो नाही. एक आधीच सांगतो, दहातले नऊ प्रश्न बर्टबद्दल असतात आणि त्याचा स्टेजवरचा जोडीदार जॉर्ज वॉकर याच्याबद्दल कुणी विचारतच नाही, पण वॉकरला वगळलं तर बर्टची अर्धी कारकीर्द कळत नाही असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे उत्तरांत वॉकर जास्त दिसेल.

१. हा बर्ट विल्यम्स नक्की कोण, थोडक्यात सांगाल का?

एगबर्ट ऑस्टिन विल्यम्स, जन्म १२ नोव्हेंबर १८७४, बहामाजमधलं नसाऊ. लहान असतानाच घरचे अमेरिकेत आले आणि कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहिले, हायस्कूल तिथेच झालं. १८९३ ते १९०९ जॉर्ज वॉकरबरोबर जोडी, नंतर एकट्याने. व्हॉडेव्हिल (प्रश्न २ बघा), ब्रॉडवे (न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक थिएटरं), झीगफेल्ड फॉलीज (दरसाल निघणारा नाचगाण्यांचा भव्य खेळ), ग्रामोफोन रेकॉर्डी आणि थोडे मूकपट असं सगळं केलं. ४ मार्च १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये गेला, वय फक्त ४७. त्या काळातल्या अमेरिकन रंगभूमीवरचा सगळ्यात मोठा कृष्णवर्णीय स्टार तोच, आणि माझ्या मते वर्ण बाजूला ठेवला तरी त्या पिढीच्या पहिल्या दोनतीन विनोदवीरांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

गूगलवर गोलकीपर येत असेल तर तो वेगळा, इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा. त्याचा इथे काही संबंध नाही.

२. व्हॉडेव्हिल म्हणजे आपला तमाशाच ना?

नाही. तमाशात एकच फड रात्र गाजवतो आणि गण, गवळण, वग असा क्रम ठरलेला असतो. व्हॉडेव्हिलमध्ये फड नसतोच, एका खेळात आठनऊ आयटम, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही: कसरतवाले, मग गाणारी बाई, मग शिकवलेले कुत्रे, मग विनोदी जोडी, मग जादूगार. प्रत्येकाला दहा ते वीस मिनिटं. टोनी पास्टर नावाच्या थिएटरवाल्याने १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या स्ट्रीटवर बायकामुलांना घेऊन येता येईल असे खेळ चालू केले, बोस्टनला कीथ नावाच्या थिएटरवाल्याने त्याच दशकात धंद्याचं गणित बसवलं, आणि मग देशभर थिएटरांच्या साखळ्या झाल्या. कलाकार बॅग उचलून गावोगाव तोच आयटम करत फिरायचा. एक मात्र जुळतं, वगात एक जण सरळ बोलतो आणि सोंगाड्या त्याचं बोलणं उलटंपालटं करून टाकतो, तेच काम तिथली विनोदी जोडी करायची.

३. पण त्या काळात एवढ्या जोड्या का होत्या? एकटा विनोदवीर चालत नव्हता का?

चालायचा, पण जोडी सोयीची होती. एका आयटमचा सेट पडद्यामागे बदलत असताना पडद्यापुढच्या जेमतेम काही फुटांच्या पट्टीत दोन माणसं उभी राहून बोलली की प्रेक्षक गुंतून राहतो, त्यांना ना सेट लागतो ना जास्त सामान. शिवाय माइक नव्हते, मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत विनोद पोचवायचा तर एकाने प्रश्न स्पष्ट आणि मोठ्याने विचारायचा आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं ही पद्धत फार उपयोगी पडायची, कारण प्रश्नातच अर्धा विनोद लोकांच्या कानावर पडलेला असतो. प्रश्न विचारणाऱ्याला स्ट्रेट मॅन म्हणायचे. हसू दुसऱ्याला मिळतं पण ते कधी मिळायचं हे स्ट्रेट मॅन ठरवतो, किती थांबायचं, कधी पुढचं वाक्य टाकायचं, हशा ओसरायच्या आत तोंड उघडायचं की नंतर, हे सगळं त्याच्या हातात असतं.

४. बर्ट आणि वॉकर भेटले कुठे?

सॅन फ्रान्सिस्कोला, १८९३ मध्ये. मार्टिन अँड सेलिग नावाची एक मिन्स्ट्रेल कंपनी (काळ्या माणसाचं सोंग आणून गाणी-विनोद करणारी, प्रश्न ६ बघा) होती, बर्ट तिच्यात होता आणि आणखी एक माणूस हवा होता. जॉर्ज वॉकर कॅन्सासमधल्या लॉरेन्स गावचा, औषध विकणाऱ्या फिरत्या खेळांमध्ये नाचगाणी करत करत पश्चिमेला पोचलेला, बर्टपेक्षा थोडासा मोठा.

या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८९४ मध्ये गोल्डन गेट पार्कात मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात आफ्रिकेतल्या दहोमीहून माणसं आणून त्यांचं 'गाव' दाखवायचं ठरलं होतं. ती माणसं वेळेत पोचली नाहीत म्हणून आयोजकांनी गावातल्या काळ्या पोरांना दहोमीवाले म्हणून उभं केलं, त्यात हे दोघंही होते. मग खरे दहोमीवाले आले आणि यांची नोकरी गेली, पण प्रदर्शनात फुकट जायची मुभा राहिली, तेव्हा हे दोघं जाऊन त्यांचं गाणं नाचणं तासन्‌तास बघायचे. वॉकरने १९०६ मध्ये एका लेखात हे स्वतः लिहिलंय, आणि पुढे कधी आपली कंपनी झाली तर आफ्रिकेचं काहीतरी घेऊन करायचं हे तिथेच डोक्यात आलं असं तो म्हणतो. नऊ वर्षांनी त्याने ते केलं (प्रश्न १० बघा).

५. आधी वॉकर विनोदी होता आणि बर्ट स्ट्रेट मॅन, हे खरंय?

हो, अगदी खरं. सुरुवातीला हसवायचं काम वॉकरकडे होतं, आणि बर्ट उंच, देखणा, आवाज चांगला, म्हणून तो सरळ बोलायचा आणि गायचा. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हशा उलट्या बाजूने येतोय, आणि त्यांनी चक्क अदलाबदल केली. वॉकर झाला झकपक कपड्यांतला, काठी फिरवणारा, पैसे उडवणारा छैलछबिला, तोंडाने चुरूचुरू बोलणारा. बर्ट झाला ढगळ कोट, आखूड पँट, पायांत भलेमोठे बूट, सगळीकडून मार खाणारा, बोलायला आणि कळायला हळू, पण आतून शहाणा असा माणूस. वॉकरचा प्लॅन, बर्टचे पैसे, आणि फसलं की निस्तरायलाही बर्टच, अशी त्यांच्या बहुतेक स्किटची मांडणी असायची.

चालणारा आयटम हाताशी असताना भूमिका बदलायला धाडस लागतं. दोघांपैकी कुणीही 'हशा माझा' म्हणून अडून बसलं नाही, म्हणून ही जोडी उभी राहिली.

६. बर्ट स्वतः कृष्णवर्णीय होता ना, मग तोंडाला काळं का फासायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मिन्स्ट्रेल शो म्हणजे गोऱ्या नटांनी जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला लावून, ओठ मोठे रंगवून काळ्या माणसाची टिंगल करायची, हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय प्रकार होता. काळ्या कलाकाराला स्टेजवर शिरायला दार तेवढं एकच उघडं होतं, आणि प्रेक्षकाला 'काळा माणूस' म्हणून जे चित्र माहीत होतं ते त्याच काजळीतलं.

त्यात बर्टचा रंग बराच उजळ, बोलणं कॅरिबियन बेटांवरचं. अमेरिकेच्या दक्षिणेतली काळ्या लोकांची बोली त्याला आतून येत नव्हती, ती आपण परक्या बोलीसारखी शिकलो असं त्याने स्वतःच लिहिलंय. एकदा डेट्रॉइटला त्याने सहज गंमत म्हणून तोंड काळं करून एक गाणं म्हटलं आणि ते इतकं उचललं गेलं की तोच चकित झाला. १९१८ च्या जानेवारीत अमेरिकन मॅगझिनमध्ये त्याचा लेख आला, त्यात तो म्हणतो की स्वतःकडे दुसराच कुणीतरी म्हणून बघता यायला लागल्यावर मला विनोदाची जाण आली. म्हणजे काजळी हा त्याच्यासाठी मुखवटा होता, मागे लपून तो वेगळा माणूस उभा करायचा.

याने ब्लॅकफेस, म्हणजे तोंड काळं करून सोंग आणणं, बरोबर ठरतं का, तर अजिबात नाही. ती चाल अपमानाचीच होती आणि बर्टने ती आयुष्यभर वापरली, त्यावर त्याच्या हयातीत कृष्णवर्णीय लोकांतूनही टीका झाली. वॉकरने मात्र या जोडीत काजळी लावली नाही. दोघं शेजारी उभे राहिले की एक रंगवलेला चेहरा आणि एक खरा चेहरा असं दिसायचं, हे आज फोटो बघतानाही जाणवतं.

७. 'टू रिअल कून्स' असं घाणेरडं नाव त्यांनी स्वतःला का लावून घेतलं?

'कून' ही काळ्या लोकांना द्यायची शिवी. गोऱ्या नटांची तोंडं रंगवून 'कून' गाणी म्हणण्याची लाट आली होती, तेव्हा यांनी जाहिरात केली की ते नकली, आम्ही अस्सल. धंद्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर लागला, आणि एकदा नाव झाल्यावर त्यांनी ते सोडलं, मग 'विल्यम्स अँड वॉकर' एवढंच पुरायला लागलं. वॉकरचं म्हणणं होतं की गोऱ्यांनी बनवलेलं काळ्या माणसाचं सोंग बघून बघून काळा नटसुद्धा त्या सोंगाचीच नक्कल करायला लागलाय, ते मोडायचं असेल तर आधी स्टेजवर पोचायला हवं.

८. केकवॉक काय प्रकार आहे? त्यांनीच शोधला का?

शोधला नाही. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर काळे लोक मालकांच्या ऐटबाज चालण्याची नक्कल करत नाचायचे, बक्षीस म्हणून केक, त्यावरून नाव. या दोघांनी तो न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत नेऊन पोचवला. १८९६ मध्ये ते कॅसिनो थिएटरच्या 'द गोल्ड बग' मध्ये आले, तो खेळ लगेच पडला पण यांचा आयटम गाजला, आणि तिथून कोस्टर अँड बायल्स म्युझिक हॉलमध्ये कित्येक आठवडे मुक्काम झाला (याच हॉलमध्ये त्याच वर्षी एप्रिलमध्ये एडिसनच्या व्हायटास्कोपवर लोकांनी पडद्यावर हलती चित्रं पाहिली होती). शेवटी केकवॉक असायचा, वॉकर ऐटीत अप्रतिम नाचायचा आणि मागून बर्ट त्याच स्टेप्स पाय अडकल्यासारख्या करायचा.

१८९८ च्या सुरुवातीला कोट्यधीश विल्यम व्हँडरबिल्ट केकवॉक करतो अशी बातमी आली, तर या दोघांनी सरळ त्याच्या घरी पत्र नेऊन दिलं की या, आमच्याशी स्पर्धा करा, ५० डॉलरची पैज. व्हँडरबिल्ट आला नाही, पण फुकटात जी प्रसिद्धी झाली ती झालीच. या पत्रामागचं डोकं वॉकरचं असणार याबद्दल मला शंका नाही.

९. १९०० च्या दंगलीत त्यांना मारहाण झाली होती का?

वॉकरला झाली. ऑगस्ट १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या जमावाने रस्त्यावर दिसेल त्या काळ्या माणसाला झोडायला सुरुवात केली, आणि जमाव नावं घेऊन ओरडत होता, त्यात विल्यम्स आणि वॉकर ही नावंही होती. वॉकरला स्ट्रीटकारमधून (ट्राममधून) खाली ओढून मारलं. ज्यांचा नाच बघायला हे शहर रांगा लावत होतं त्यांच्याच नावाने. त्या वर्षी त्यांचा 'सन्स ऑफ हॅम' हा खेळ उभा राहिला आणि ते पुढे गेले.

१०. 'इन दहोमी' एवढं महत्त्वाचं का मानतात?

१८ फेब्रुवारी १९०३, न्यूयॉर्क थिएटर. ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं, संगीत दिलेलं आणि सगळं त्यांनीच सादर केलेलं हे पहिलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक. संगीत विल मॅरियन कुकचं, गीतं पॉल लॉरेन्स डनबारची, संहिता जेसी शिपची. गोष्ट अशी की बोस्टनचे दोन भामटे, बर्ट आणि वॉकर, हरवलेली चांदीची डबी शोधायच्या निमित्ताने फ्लोरिडाला जातात आणि तिथे काळ्या लोकांना आफ्रिकेत दहोमीला नेऊन वसवायची योजना चाललेली असते तिच्यात शिरतात. बर्टच्या पात्राचं नाव शायलॉक होमस्टेड, वॉकरचं रेअरबॅक पिंकर्टन.

उद्घाटनाच्या आधी शहरात काही लोक बोलत होते की काळ्यांचं नाटक ब्रॉडवेवर आलं तर दंगा होईल. काही झालं नाही, लोक हसत घरी गेले. मात्र कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वरच्या गॅलरीतच बसवलं होतं, खालच्या खुर्च्यांवर नाही, हेही त्याच थिएटरात. न्यूयॉर्कला ५३ प्रयोग झाले. आज तो आकडा छोटा वाटेल, पण खरा पल्ला लंडनला गाठला.

११. बकिंगहॅम पॅलेसमध्ये खरंच खेळ झाला होता?

झाला होता. मे १९०३ मध्ये कंपनी लंडनच्या शाफ्ट्सबरी थिएटरला आली आणि २३ जूनला पॅलेसच्या हिरवळीवर खेळ झाला, निमित्त छोट्या राजपुत्र एडवर्डचा नववा वाढदिवस, तोच पुढे आठवा एडवर्ड झाला आणि गादी सोडली. राजवाड्याची मोहोर बसल्यावर लंडनमध्ये मागणी वाढली, तिथे २५१ प्रयोग झाले आणि मग ब्रिटनमध्ये दौरा. १९०४ मध्ये फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या एडिनबरामधल्या एका लॉजने, म्हणजे शाखेने, बर्ट, वॉकर आणि कंपनीतल्या आणखी काहींना फ्रीमेसन करून घेतलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न २१ मध्ये परत लागेल.

१२. एडा ओव्हरटन वॉकर ही फक्त जॉर्जची बायको होती का?

'फक्त' हा शब्द काढून टाका. एडा त्या कंपनीची प्रमुख नटी आणि नृत्यदिग्दर्शक होती, 'इन दहोमी' मधला केकवॉक लंडनच्या श्रीमंत बायकांना शिकवायला तिला बोलावणी यायची. जॉर्जशी लग्न १८९९ मध्ये झालं. जॉर्ज आजारी पडल्यावर 'बँडाना लँड' या त्यांच्या नाटकात (प्रश्न १३) त्याची भूमिका पुरुषी पोशाख करून तिने केली आणि त्याचं 'बॉन बॉन बडी' हे गाणं तिनेच म्हटलं. १९१४ मध्ये गेली, जेमतेम चौतीस वर्षांची.

१३. जोडी फुटली का? भांडण झालं होतं?

भांडण नाही, आजार. 'इन दहोमी' नंतर १९०६ मध्ये 'अ‍ॅबिसिनिया' आणि १९०८ मध्ये 'बँडाना लँड' आलं, आणि त्याच्याच दौऱ्यात वॉकरची जीभ अडखळायला लागली, वाक्यं विसरायला लागला. सिफिलिस होता. त्या रोगावर पहिलं खरं परिणामकारक औषध साल्व्हरसान, ते बाजारात आलं १९१० मध्ये, म्हणजे याच्यासाठी उशीरच. १९०९ च्या फेब्रुवारीत त्याने स्टेज सोडलं, १९११ च्या जानेवारीत तो गेला.

आता माझं मत. लोक म्हणतात बर्ट एकटा झाल्यावर आणखी मोठा झाला, पगाराच्या दृष्टीने कदाचित हो. पण वॉकर असताना ती एक कंपनी होती, नटनट्या, वादक, लेखक, संगीतकार सगळ्यांना काम देणारी, आणि ती चालवायची, थिएटर मालकांशी घासाघीस करायची, चांगल्या थिएटरच्या तारखा मिळवायच्या, पेपरवाल्यांशी बोलायचं हे सगळं वॉकर बघायचा. १९०८ मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांची 'द फ्रॉग्ज' संघटना निघाली तिचा पहिला अध्यक्षही तोच. बर्टने त्याच्याशिवाय १९०९ च्या नोव्हेंबरात 'मिस्टर लोड ऑफ कोल' काढून बघितलं, ४० प्रयोगांत आटोपलं. बर्ट तितकाच विनोदी होता, पण धंदा सांभाळणारा माणूस नव्हता आणि समोर भांडायचा त्याचा पिंड नव्हता. वॉकरबरोबर अख्खी कंपनी गेली, आणि पुढची दहा वर्षं बर्ट दुसऱ्यांच्या खेळात एकटा काळा माणूस म्हणून उभा राहिला. मला हे नुकसान फॉलीजच्या कमाईपेक्षा मोठं वाटतं.

१४. झीगफेल्ड फॉलीजमध्ये तो कसा गेला?

फॉलीजचा निर्माता फ्लॉरेन्झ झीगफेल्ड, त्याने १९१० मध्ये घेतला. गोऱ्या कलाकारांच्या बरोबरीने मुख्य कलाकार म्हणून एका काळ्या माणसाचं नाव लागणं हे ब्रॉडवेला नवीन होतं, कंपनीतल्या काहींनी आम्ही सोडून जाऊ म्हणून धमकी दिली. तेव्हा झीगफेल्डने बाकी कुणाचीही जागा भरता येईल, याची नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं असं सांगतात, आणि बर्ट राहिला. १९१०, ११, १२, १४, १५, १६, १७ आणि १९ अशा आठ फॉलीजमध्ये तो होता. फॅनी ब्राइस, डब्ल्यू. सी. फील्ड्स, विल रॉजर्स, एडी कँटर हे सगळे त्याचे सहकलाकार.

१५. त्याच्या करारात विचित्र अटी होत्या म्हणे?

हो. एक, दक्षिणेच्या राज्यांत दौऱ्यावर जायचं नाही. दोन, स्टेजवर गोऱ्या बाईबरोबर एकट्याने यायचं नाही. यात बर्टच्या सुरक्षिततेचाही भाग होता, तसा एखादा प्रवेश कुणाला खटकला असता तर जिवावर बेतलं असतं. हॉटेलांत त्याला मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टने जावं लागायचं, एडी कँटरने आठवणींत लिहिलंय की टाळ्या अजून कानात घुमत नसत्या तर याचं इतकं वाईट वाटलं नसतं असं बर्ट त्याला म्हणाला होता. १९१९ चा नटांचा संप झाला तेव्हा तर त्याला कुणी कळवलंच नाही, मेकअप करून तो तयार होऊन आला आणि थिएटर रिकामं.

१६. वॉकरनंतर त्याने परत कुणाबरोबर जोडी केली का?

कायमची नाही, पण १९११ च्या फॉलीजमधला लिऑन एरलबरोबरचा प्रवेश शोधून वाचाच. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल टर्मिनल तेव्हा बांधलं जात होतं (१९१३ मध्ये उघडलं). एरल इंग्लिश प्रवासी आणि बर्ट हमाल, त्याला उंच लोखंडी तुळयांवरून गाडीकडे नेतोय, दोघांच्या कमरेला एक दोरी. एरल घसरून खाली जातो, बर्ट दोरी खेचत वर आणतो, बोलणं चालूच. मग कळतं की हा साहेब टिप देणार फक्त पाच सेंट. पुढच्या वेळी साहेब घसरतो तेव्हा बर्ट दोरी सोडतो.

१९११ साली, गोऱ्या प्रेक्षकांपुढे, काळ्या हमालाने गोऱ्या साहेबाची दोरी सोडली आणि लोक पोट धरून हसले. करारातल्या अटी वाचून बर्टला नुसता सोशिक समजणाऱ्यांना मी नेहमी हाच प्रवेश सांगतो.

१७. 'नोबडी' गाण्यात एवढं काय आहे?

चाल बर्टची, शब्द अ‍ॅलेक्स रॉजर्सचे, १९०५-०६ च्या सुमाराचं. फाटक्या कोटातला माणूस येतो, खिशातून छोटी वही काढतो, पानं उलटतो, एवढी की लोक गाण्याच्या आधीच हसायला लागतात, आणि मग वहीत बघून म्हणतो की मी अडचणीत असताना माझ्या मदतीला कोण आलं? कुणी नाही. म्हणून मीही कधी कुणासाठी काही केलं नाही आणि करणारही नाही. गातो म्हणण्यापेक्षा बोलतो, सुराच्या जरा मागे राहून, आणि 'नोबडी' हा शब्द लांबवून खाली सोडतो, मागे ट्रॉम्बोन घरंगळतो.

हे इतकं चाललं की लोक दुसरं काही ऐकूनच घेईनात, वर्षानुवर्षं म्हणावं लागलं आणि शेवटी त्याला त्या गाण्याचा वीट आला, तसं त्याने स्वतः लिहिलंय. जॉनी कॅशने २००० मध्ये ते परत म्हटलंय, तेही ऐका.

१८. त्याचं काम आज ऐकायला, बघायला मिळतं का?

मिळतं. १९०१ मध्ये विल्यम्स आणि वॉकरने व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं, पुढे बर्टने कोलंबियासाठी बरंच केलं. भोंग्यात तोंड घालून गायच्या काळातलं आहे, खरखर असणारच, पहिल्यांदा हेडफोन लावून ऐका. सुरुवात 'नोबडी' ने, मग दारूबंदीच्या काळातलं 'द मून शाइन्स ऑन द मूनशाइन'.

फिल्ममध्ये १९१६ ची 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' आणि 'फिश'. तिसरी गोष्ट जास्त मोलाची, १९१३ मध्ये बायोग्राफ या फिल्म कंपनीने बर्टला घेऊन जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय नटांची एक फिल्म शूट केली आणि ती कधी पूर्णच केली नाही. न जोडलेली रिळं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होती, ती जुळवून २०१४ मध्ये दाखवली, आज 'लाइम किल्न फील्ड डे' नावाने ओळखतात. त्यात काजळी फक्त बर्टला, बाकी सगळे आपापल्या चेहऱ्याने, नटूनथटून जत्रेला आलेले, मेरी-गो-राउंडवर बसलेले, आणि बर्ट त्याच्या नायिकेचं चुंबन घेतो. काळ्या प्रियकर-प्रेयसीचं प्रेम टिंगल न करता दाखवलेलं, १९१३ मध्ये.

१९. 'सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात दुःखी माणूस' हे वाक्य त्याच्याबद्दलच आहे ना?

हो, डब्ल्यू. सी. फील्ड्सचं, मी पाहिलेला सगळ्यात विनोदी आणि मला माहीत असलेला सगळ्यात दुःखी माणूस अशा अर्थाचं. खरं असेल, फील्ड्स त्याच्या जवळचा होता. पण मला त्रास होतो तो याचा, की बर्टवर कुणीही लिहायला बसलं की या वाक्याने सुरू करतं आणि यावरच संपवतं, आणि मग तो रडवेला जोकर एवढाच उरतो.

त्याचा प्रश्न ६ मधला लेख वाचा. तो विनोदाबद्दल सुतारासारखं बोलतो, काय कुठे बसतं ते सांगतो. दुसऱ्यावर आलेलं संकट बघून माणूस हसतो, पण ते संकट कुणा एका ठरावीक माणसाच्या गळ्यात घालावं लागतं, आणि तो माणूस गाणारा किंवा गोष्ट सांगणारा स्वतःच असला पाहिजे, हा त्याचा नियम. आणि त्यातच तो म्हणतो की काळा असण्यात लाजिरवाणं काही मला कधी सापडलं नाही, अमेरिकेत ते गैरसोयीचं मात्र बरेचदा वाटलं. हा माणूस दुःखात बुडालेला नाही, शब्द मोजून वापरणारा आहे.

२०. घरचं काय? लग्न, मुलं?

बायको लॉटी, कंपनीतलीच कलाकार. स्वतःची मुलं नव्हती, लॉटीच्या बहिणीच्या मुली त्यांनी वाढवल्या. बर्टला वाचनाचा जबरदस्त नाद होता, स्टेजवरच्या पात्राशी घरच्या माणसाचा काही संबंध नव्हता.

२१. तो स्टेजवरच गेला का?

स्टेजवर कोसळला, गेला घरी. १९२२ च्या फेब्रुवारीअखेर 'अंडर द बांबू ट्री' चा खेळ डेट्रॉइटला चालू होता, न्यूमोनिया अंगावर काढत काम करत होता. तो पडला तर लोकांना वाटलं हाही आयटमचाच भाग, हसले. न्यूयॉर्कला आणलं आणि काही दिवसांत गेला. हजारो लोक अंत्यदर्शनाला आले, आणि न्यूयॉर्कच्या गोऱ्या मेसन लॉजने त्याचा अंत्यविधी केला, ते शक्य झालं एडिनबराच्या त्या सदस्यत्वामुळे (प्रश्न ११). दफन ब्रॉंक्सच्या वुडलॉनमध्ये. जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने १९४० मध्ये त्याच्यावर एक रचना केली, दुसऱ्या महायुद्धात एका मालवाहू जहाजाला त्याचं नाव दिलं.

२२. कॉलेजच्या स्किटमध्ये मला बर्ट करायचाय, तोंड काळं करावं लागेल का?

नाही, आणि करू नका. कारण प्रश्न ६ मध्ये आहे. त्याचा उत्तम आयटम काजळीशिवाय पूर्ण उभा राहतो, तो म्हणजे पोकरचा मूकाभिनय. 'बँडाना लँड' पासून तो करायचा, 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' च्या शेवटी तुरुंगाच्या कोठडीत एकटा बसून करतो, तो भाग दहा वेळा बघा.

पत्ते नाहीत, माणसं नाहीत. तो पिसतो, वाटतो, स्वतःचे पत्ते उचलून एकेक सरकवत बघतो. मग कुणाला किती पत्ते बदलून हवेत ते विचारतो, आणि समोरच्याने एकही नको म्हटलं की त्याचे डोळे जरा थांबतात. बास, एवढंच, भुवई नाही, तोंड वाकडं करणं नाही. तुम्ही करताना खेळणाऱ्या प्रत्येक माणसाची जागा टेबलाभोवती पक्की ठरवा, नजर प्रत्येक वेळी त्याच उंचीला आणि त्याच जागी गेली पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला माणसं दिसत नाहीत. पत्त्यांची जाडी बोटांत सांभाळा. प्रकाश फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर ठेवा, पार्श्वसंगीत लावू नका, आणि पाच मिनिटांच्या वर नेऊ नका.